कॉम्प्युटरने रंगवलेला पडदा

अड्याळ,
ता. १० जानेवारी १९८८

प्रिय डोमा,

सप्रेम जयभीम. पत्र वाचायला घेण्याआधी दार लावून घे, कारण मध्येच तुला हसू फुटणार आहे आणि तुझ्या त्या नागपूरच्या कंपनीत हसायला परवानगी आहे की नाही, मला माहीत नाही. आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण जिभेला काही झालेलं नाही. माझं दवाखान्याचं चालू आहे. यंदा धान मळून झालं आणि गावात बाळंतपणांची रीघ लागली, त्यामुळे नर्सबाईला घरचं गरम जेवण मिळेनासं झालं आहे. झाल्या एवढ्या साध्या बातम्या. आता मोठी ऐक. आपल्या अड्याळात गेल्या रविवारी कॉम्प्युटर येऊन गेला. आला तो जीपमधून, शाळेच्या मैदानात टेबल मांडून बसला, आणि गेला तो अशा घाईने गेला की त्याची एक वायर अजून तुलारामजींच्या ओसरीवर पडून आहे.

हे सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल. तुला नको वाटेल, पण तुझी ताई कधी अर्ध्यातून गोष्ट सांगत नाही. दोन वर्षांपूर्वी नाट्यमंडळाचे अध्यक्ष म्हणून तुलारामजी आपल्या ओट्यावर आले होते आणि त्यांच्या हातात नागपूरच्या एका कंपनीचं ते रंगीत, गुळगुळीत जाहिरातीचं पुस्तक होतं. कॉम्प्युटर देखावे काढतो, माणसाचा हातही लागत नाही, आणि खरं कोणतं नि चित्र कोणतं हे ओळखणाऱ्यास बक्षीस, असं त्यात छापलं होतं. तुलारामजींनी ते तुला वाचून दाखवलं आणि म्हणाले, ‘डोमा, तुहे पडदे चांगलेच हायेत गा, पन पाह्यलं का समजते, हातानं काढले हायेत.’ मला ते वाक्य अजून चावतं. मिसरूड फुटायच्या आधीपासून तू त्यांचा राजवाडा, त्यांचं जंगल, त्यांचा रस्ता रंगवत आलास, आणि त्या सगळ्यात दोष काय निघाला, तर ते हाताने रंगवलेले आहेत! तू कुंचले धुतलेस, फडक्यात गुंडाळलेस आणि सकाळच्या एसटीने नागपूरला गेलास. इकडे मंडळ कॉम्प्युटरची वाट बघत दोन वर्षं जुन्याच पडद्यांवर नाटकं करत राहिलं. मागच्या शंकरपटाच्या नाटकाला राजवाड्याला एवढं मोठं भोक पडलं होतं की राणी रडत होती आणि तिच्या मागे टेकचंद पेटीवाला पान लावताना सगळ्या गावाला दिसत होता.

मग तुझं पत्र आलं की नोकरी लागली, आणि लागली कुठे, तर त्याच पुस्तकवाल्या कंपनीत. आधी मला राग आला. मग वाटलं, बरं झालं, आपला डोमा नव्या विद्येत शिरला. प्रत्येक पत्रात तू लिहायचास, चित्रं सगळी कॉम्प्युटर काढतो, मी नुसती देखरेख करतो. आईने मला विचारलंसुद्धा, ‘देखरेख कायले लागते वो? पळून जाते का तो?’ दसऱ्याला आम्ही दोघी दीक्षाभूमीवर आलो तेव्हा तू भेटलास, आम्हाला चहा पाजलास, पण तुझी कामाची जागा दाखव म्हटलं तर विषय बदललास. तुझ्या नखांत निळा रंग होता. मी विचारलं, तर म्हणालास शाई आहे. अरे, मी दिवसभर लोकांच्या जखमांना जांभळं औषध लावणारी बाई. बोटाला लागलेलं काय कशाचं असतं, ते मला कळतं. पण गर्दी होती, आई सोबत होती, मी गप्प बसले.

आता रविवारचं. तुझ्या कंपनीचे, सफारी घातलेले एक साहेब आले. आवाज असा की भोंग्याची गरज नाही. टेबलावर टीव्हीसारखा डबा, पुढे टाइपरायटरची बटणं, आणि जीपच्या टपावर बांबूला गुंडाळलेला एक मोठा पडदा. अर्धं अड्याळ जमलं. पटाला महिनाही उरलेला नाही, तेव्हा सगळे पडदे यांच्याकडूनच घ्यायचे, असं तुलारामजींनी मनात पक्कंच केलं होतं. साहेबांनी सांगितलं की या यंत्रात गावाचं नुसतं नाव घातलं की ते हिशोबाने गाव तयार करतं, झाडांची पानंसुद्धा मोजून. पुढच्या पाच वर्षांत नट लागणार नाहीत, तेही हाच काढेल, असंही म्हणाले. ते ऐकून आपल्या नटांची तोंडं पाहायला हवी होतीस. मग त्यांनी दिलदारपणे जाहीर केलं की सोबत आणलेला नमुना मंडळाला कंपनीकडून भेट, आणि पडदा सोडला.

डोमा, खोटं कशाला बोलू, पडदा देखणा होता. पोळ्याच्या दिवशीची तिन्हीसांज, कवेलूंच्या छपरांची घरं, मधून जाणारी गल्ली, शेवटी बोडीचं तळं आणि पाण्यात उतरलेला उजेड. शकुनबाई माझ्या शेजारी होती. ती म्हणाली, ‘बाई वो, यात पाय टाकला तं ओला होईन!’ तुलारामजी तर हात जोडूनच उभे राहिले. टाळ्या थांबेनात. मी तेवढी टाळी वाजवली नाही. तुला माझा स्वभाव ठाऊक आहे. जे औषध सगळ्या रोगांवर चालतं म्हणून विकायला येतं, ते एकाही रोगावर चालत नाही, हे मी नोकरीत शिकले आहे. मी उठले आणि पडद्याच्या अगदी जवळ गेले. साहेब म्हणाले, बाई, लांबून बघा, लांबून. म्हणून आणखी जवळ गेले. उन्हात कापड तापलं होतं आणि त्याला सरसाचा वास येत होता. तोच वास, जो आपल्या स्वयंपाकघरात तू रंगात घालायला सरस शिजवायचास तेव्हा भातालासुद्धा लागायचा आणि आई तुला भांड्यासकट अंगणात हाकलायची.

मग मी दारं पाहिली. पोळ्याचा देखावा म्हणून गल्लीतल्या घरांच्या दारांशी दोन्ही बाजूंना पळसाच्या फांद्या लावलेल्या होत्या, आपल्याकडे लावतात तशा, दुसऱ्या दिवशी मारबतीबरोबर गावाबाहेर नेऊन टाकायच्या. एका दाराला, दुसऱ्या दाराला, तिसऱ्या दाराला, पुढे चिंचेचं झाड, आणि त्या झाडाच्या पलीकडच्या एकाही दाराला नाही. तिथली दारं मोकळी. मी तिथेच थबकले. पळसाची पानं कुठल्याही चित्रकाराला सुचतील. पण ती चिंचेपाशी थांबतात आणि पुढे छप्पन साली दीक्षा घेऊन असले विधी सोडलेल्यांची घरं सुरू होतात, हे त्या गल्लीत वाढलेल्यालाच माहीत. मी वळले आणि साहेबांना गोडीत विचारलं, साहेब, इकडच्या दारांना पानं आहेत आणि तिकडच्या दारांना नाहीत, असं काहून? साहेबांनी पडद्याकडे पाहिलं. मला वाटतं त्यांनी तो नीट पहिल्यांदाच पाहिला. आणि म्हणाले, ‘अरे, ही कॉम्प्युटरची मिस्टेक आहे. काळजी नको, सगळ्या दारांना पानं लावून देऊ.’

काय सांगू, आधी कोणी हसलंच नाही. आपल्या ओळीतली माणसं एका बाजूला उभी होती, बाकीची दुसऱ्या बाजूला, आणि दोन्हीकडचे लोक पडद्याकडे बघू लागले. कोणीतरी म्हणालं, चिंच तर आपलीच आहे. कोणी म्हणालं, ते ईश्वरचं घर, पाहा ना, कवेलू खचलेले. आई गर्दीतून काठी टेकत पुढे आली, शेवटच्या दारावर हात ठेवला आणि म्हणाली, ‘हे तं माहं दार होय.’ तुलारामजींनी चष्मा पुसला, पडद्याला नाक लावलं. हयात गेली त्यांची रंगमंचावर, त्यांना वेगळं सांगावं लागलं नाही. ते साहेबांना म्हणाले, ‘साहेब, आता आमच्यासमोर काहाडा. लई मोठं नको. एक झोपडी काहाडा.’

साहेब म्हणाले, इथे व्होल्टेज कमी आहे. ही मात्र त्यांनी चूक केली. अरे, ज्या गावात रात्रभर नाटक चालतं, तिथे जनरेटर नसेल का? टेकचंदने तो ढकलत आणला, दोरी ओढली, आणि आपला जुना जनरेटर त्या दिवशी पहिल्याच झटक्यात सुरू झाला. बल्ब लख्ख पेटला. साहेबांनी बटणं दाबली, बराच वेळ दाबली. काळ्या डब्यावर हिरवे ठिपके आले, ठिपक्यांचे चौकोन झाले, चौकोनावर एक पायऱ्या-पायऱ्यांचं त्रिकोणासारखं काहीतरी बसलं. बालवाडीतल्या लेकराने पाटीवर काढली असती तर बाईने त्याला ती पुन्हा काढायला लावली असती, अशी झोपडी! तिला दारसुद्धा नव्हतं. तुलारामजी वाकून वाकून पाहत राहिले आणि अगदी मनापासून म्हणाले, ‘आन हे पाहून समजते का नाई, कोनं काहाडलं?’ मग जो हशा पिकला, डोमा, तो पवनीपर्यंत गेला असेल.

तेव्हा मी खुर्चीवर चढले. तू असतास तर माझा पदर ओढून खाली बसवलं असतंस, म्हणून बरं झालं तू नव्हतास. मी सगळ्यांना सांगितलं की या कंपनीचा खरा कॉम्प्युटर मी ओळखते. त्याचा जन्म याच गल्लीत, शेवटच्या घरात झाला, त्याला मी कडेवर खेळवलं, त्याचं शेंबडं नाक मी पुसलं, आणि दोन वर्षांपूर्वी याच मंडळाने त्याला हाताने काढतो म्हणून घालवून दिलं. साहेब डबा उचलून जीपकडे निघाले. पडदाही गुंडाळू लागले तेव्हा तुलारामजींनी बांबूवर पाय ठेवला आणि म्हणाले, भेट दिलेलं परत मागत नसतात. माझ्याकडे मात्र त्यांना संध्याकाळपर्यंत बघवलं नाही. दिवेलागणीला ते ओट्यावर आले, आईसमोर बसले आणि एवढंच म्हणाले, ‘पार्वताबाई, पोराले बलावून घ्या.’

मी तुझ्यावर रागावलेले नाही, हे आधी डोक्यात घाल. कुठल्या अटीवर त्यांनी तुला ठेवून घेतलं असेल, कुणाला सांगू नको म्हणून बजावलं असेल, ते मी समजू शकते. पोटापाण्याला जाऊन कोणी लाज वाटून घेऊ नये. तुझा देखावा बघून गावाला आपलं गाव दिसलं, यापुढे मला काय हवं! मी त्या दिवशी मिरवले, खरंच मिरवले. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात प्रत्येक पेशंटला गोळी देताना सांगत होते की तो पडदा माझ्या भावाचा. ती मोकळी दारं तू मुद्दाम काढलीस की हात आपोआप तसा गेला, ते मात्र मला समोर बसून सांग. लाज वाटलीच पाहिजे तर ती त्यांना वाटू दे, जे तुझी बोटं बंद खोलीत ठेवून बाहेर डबा दाखवत फिरतात.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. पटाच्या नाटकाची हँडबिलं छापून आली आहेत आणि त्यांवर तुझं नाव आहे. तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर तू नको म्हणाला असतास. मजकूर मी लिहिला, अक्षर मोठं टाकायला आईने सांगितलं, आणि ते नटांच्या नावांहून मोठं झालं म्हणून नट रुसले आहेत. सानगडी, साकोली, पवनी, भंडारा, सगळीकडे ती लागली, आणि काल टेकचंद गठ्ठा घेऊन नागपूरला गेला आहे. एसटी स्टँडपासून सुरुवात करून तुझ्या कंपनीच्या समोरच्या भिंतीवर लावूनच परत येणार आहे. म्हणजे एक-दोन दिवसांत तुझ्या साहेबांच्या ती दृष्टीस पडतील आणि ते तुला काढून टाकतील. तुझी नोकरी मी घालवली, डोमा, आणि मला त्याचं रतीभरही वाईट वाटत नाही. पण त्यांनी तुला काढायच्या आत तू आपल्या पायांनी निघ. मंडळाने ठरवलं आहे की नवे पडदे तू दिवसाढवळ्या, शाळेच्या मैदानात, सगळ्या गावासमोर रंगवायचे. सोबत एक हँडबिल ठेवलं आहे. कुंचले उचलण्याआधी ते मोठ्याने वाच. तुझ्यासारखे आणखी जे कोणी त्या खोलीत मान खाली घालून रंगवत असतील, त्या सगळ्यांना ऐकू जाऊ दे: ‘सर्व पडदे हाताने रंगवलेले. चित्रकार: डोमा उके, अड्याळ.’

वाट पाहणारी,
तुझीच,
वच्छलाताई