रेणापूरची घागर

तीर्थरूप आईस शांतवनचा प्रभूत सलाम.

माय, मी खुशाल हाय. इथं केनियातही दुष्काळच. काल कापणीचा सण होता, पण चर्चमध्ये अर्पण करायला कुणाकडंच दाणा न्हाई. मग उपदेशात तुझीच गोष्ट सांगितली. गेल्या दुष्काळात तू चर्चमध्ये दाण्याऐवजी पाण्याची घागर अर्पण केलीस, अन् जी बसम्मा आपल्याला ओट्यावर चढू देत नव्हती, तिच्याच दारात नेऊन ठेवलीस. तिनं ती घेतली!

आज इथली एक म्हातारी भांडलेल्या शेजारणीला पाणी देऊन आली. म्हणाली, "रेणापूरच्या मायनं पाठवलंय."

लई ऊर भरून आला. अन् तू म्हणतेस, मी अडाणी, मी कसली सुवार्ता सांगणार!

लातूर वेगळा जिल्हा झाला म्हणे. नळ आला का? सगळंच वाटू नको, घोटभर स्वतःलाही ठेवत जा.

तुझा शांतवन