कडव्यामागे तीन टॉवेल

ती. बन्सीनानांस मेहुण्याचा, म्हणजे आधारचा, आडवा पडून नमस्कार. (कंबर धरली आहे, तरी.) धुळ्यात सगळे खुशाल असतील. तुमचं पित्त कसं आहे ते विचारत नाही. एकवीस दिवस तुम्ही फोन उचलत नाही, त्यावरून कळतंच.

नाना, झालं ते माझ्या अकलेनं झालं, योगराजची काही चूक नाही. आपल्या गावचा पोरगा गिटारवर कानबाईमातेची गाणी म्हणत खानदेशभर फिरला, पुण्याच्या कामिनी मॅडम फिल्मसाठी कॅमेरे घेऊन मागे फिरल्या, अकरा गावं सुरळीत झाली. बारावं आपलं! मॅडम म्हणाल्या, काका, दोन मिनिटं स्वागत करा. अहो, दोन मिनिटांत आपल्याकडे माइकसुद्धा सापडत नाही. आणि सत्काराशिवाय कार्यक्रम केला तर बठ्ठा गाव तोंडात शेण घालेल. मी चौतीस जणांची यादी केली. दर कडव्यामागे तीन टॉवेल, तीन टोप्या, तीन नारळ. त्यात सरपंचांनी उलट योगराजचाच सत्कार केला. (मग सोसायटीचे चेअरमन कसे मागे राहतील?) शेवटी पोराच्या गळ्यात इतके टॉवेल साचले, की गिटार कुठे आहे ते त्यालाही सापडेना. ढोलवाला नारळांच्या ढिगामागे गेला तो गेलाच.

तुमचं नाव, देवाशपथ, मानाचं म्हणून सगळ्यात शेवटी ठेवलं होतं. तेच पान आमच्या दिपमालानं कुंकवाची पुडी बांधायला घेतलं! पण पहिल्या रांगेतला घरचा जावई मला दिसू नये? ऐन गाण्यात तुम्ही उठलात, उपरण्यात तोंड घालून तरातरा निघालात, मागे आमची बेबाअक्का पळाली. काळीज तुटलं हो माझं. जावई रुसून गेला, हे गाव मला रोज ऐकवतं. चुकलो नाना, राग सोडा.

तुमचा,
आधार

ता. क. – फिल्मचा शेवट आपल्याच गावात व्हावा, असा योगराजचा हट्ट. पण शूटिंगमध्ये बिनसत्काराचं गाणं सापडलं सगळं मिळून चार मिनिटं, आणि त्यात तुम्ही उठून जाता. मॅडम म्हणतात, गाणं ऐकून माणूस असा गहिवरलेला आजवर पाहिला नाही. सोबतच्या संमतीच्या कागदावर सही करा, नाहीतर पोराची फिल्म अडते. खरं कारण मी मेलो तरी सांगणार नाही.

ता. क. दुसरा – पाकीट चिकटवताना शेजारणीच्या फोनवरून अक्का बोलली. म्हणे, रुसलं कोण? ते गाणं तुमची आई म्हणायची, रडू आवरेना म्हणून तुम्ही उठलात, आणि लाजेपायी रागाचं सोंग घेतलंत! अहो, कमाल आहे तुमची. रडू तर मलाही आलं होतं. पण हातात माइक होता, म्हणून पुढचं नाव पुकारलं.