पळपुट्या शिरा

प्रिय ताई,

तुला दोन्ही हात जोडून नमस्कार. (हात जोडलेले नाहीत, पण नमस्कार मनापासून आहे. कंसात जे असेल ते माझं, ताई. तुमची भावजय.)

तुझा ताप उतरला का, तोंडाला चव आली का, खिडकीजवळचा पलंग मिळाला का आणि शेजारच्या पलंगावरच्या बाई अजून दिवसभर जावयाची गाऱ्हाणी सांगतात का, हे सगळं सविस्तर कळव. आम्ही इकडे खुशाल आहोत. म्हणजे ही खुशाल आहे, लॉन्ड्री खुशाल आहे, आणि मी आहे. अक्षर माझं नाही हे तू ओळखलंच असशील, कारण ते वाचता येतंय. माझे हात सध्या कामात आहेत, म्हणून मी सांगतोय आणि ही लिहितेय. (हात कामात आहेत हे अगदी खरं.) फोनच केला असता, पण गेले पंधरा दिवस तू फोनवर मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. ‘बरं, ते राहू दे’ म्हणतेस आणि ठेवून देतेस. पत्राला असं मध्येच तोडता येत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे.

मुद्द्याचं आधी बोलतो. डॉक्टरांनी तुला काय सांगितलं आणि तू त्यांना काय सांगितलंस, दोन्ही माझ्या कानावर आलंय. तुझ्या हाडांतला रक्त बनवायचा कारखाना बिघडलाय. तो औषधाने साफ बंद करायचा आणि मग माझ्या रक्तातून काढलेल्या मूळ पेशी तुझ्या अंगात सोडायच्या, म्हणजे नवा कारखाना सुरू होईल. पण जुना बंद केला आणि नव्या पेशी आल्याच नाहीत, तर मागे फिरायची सोय नाही. यावर तू म्हणालीस म्हणे, की अख्ख्या जगात जुळणारा माणूस एकच सापडला आणि तो नेमका माझा भाऊ निघाला. तो ऐन वेळी पळून जाणार. मी काही औषध सुरू करणार नाही. डॉक्टरांना वाटलं तू थट्टा करतेयस. तू थट्टा करत नव्हतीस हे मला माहीत आहे. ताई, खरं सांगू? मला राग नाही आला. भीती वाटली, कारण मलाही अगदी तेच वाटत होतं.

तसा मी पळालोच होतो की. पहिल्या तपासणीला नुसतं एक नळीभर रक्त घ्यायचं होतं. तिथल्या सुईवाल्या बाईंनी (त्यांचं नाव त्याने अजून विचारलेलं नाही, म्हणतो, नाव कळलं की जास्त भीती वाटते) माझ्या दंडाला रबरी पट्टा आवळला आणि कापूस घ्यायला पाठ वळवली. पुढे मी काय केलं ते मला आठवत नाही. आठवतं ते एकदम बसच्या थांब्यावरचं. बाही वर, दंडाला पट्टा तसाच, आणि बोटं जांभळी व्हायला लागलेली. एका हाताने ती गाठ सुटेना. थांब्यावर उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी आस्थेने विचारलं, साप चावला का. शेवटी पट्टा परत करायला म्हणून मी निमूटपणे मागे गेलो, आणि पकडला गेलो.

पण खरं संकट त्याच्या पुढचं आहे. माझ्या पेशी तुझ्याशी जुळल्या असं सांगून इथले डॉक्टर म्हणाले, आता शिरा बघू. का, तर दोन्ही हातांत जाड सुया घालायच्या असतात. एका हातातून रक्त यंत्रात जातं, यंत्र त्यातल्या पेशी वेचून घेतं आणि उरलेलं रक्त दुसऱ्या हाताने आत परत येतं. हे चार-पाच तास चालतं आणि तोवर हात वाकवायचे नाहीत. त्यांनी माझे हात उलटसुलट करून पाहिले. सुईवाल्या बाईंनी पट्टा बांधला (या वेळी दाराशी मला उभं केलं होतं), दोन बोटांनी टपटप केलं, मूठ वळायला लावली, उघडायला लावली. एक शीर दिसेल तर शपथ. भीतीने माझं मन जसं आत दडून बसतं तशाच माझ्या शिराही दडून बसतात. शेवटी त्या माझ्याच शिरा. डॉक्टर अगदी सहज म्हणाले, हातात नाही मिळाल्या तर मानेतून नळी घालू. ताई, ‘मान’ हा शब्द ऐकल्यावर मला खोलीतली एकेक वस्तू लांब जाताना दिसली. (खुर्चीतच पडला, लागलं नाही.)

जाग आली तेव्हा सुईवाल्या बाई पाणी मारत होत्या. त्यांनी धीर दिला, शिरा वर आणायच्या युक्त्या सांगितल्या. भरपूर पाणी प्या, हात गरम ठेवा, हातात चेंडू घेऊन दाबत जा, सुईआधी हात खाली लोंबते सोडा. आणि भिऊ नका, म्हणाल्या, कारण भ्यालं की शिरा आक्रसतात. पहिल्या चार गोष्टी मी कागदावर उतरवून घेतल्या. पाचवी कुठे मिळते ते त्यांनी सांगितलं नाही.

मग मी तयारीला लागलो. चेंडू आणायला कुठे जाता. मी दुकानातल्या ओल्या चादरी हाताने पिळायला सुरुवात केली. पिळायचं यंत्र शेजारी उभं असताना मी दात-ओठ खात चादरी पिळतोय हे बघून गिऱ्हाइकं दारातूनच परत जायला लागली. गणिताच्या मास्तरीणबाईंची चादर तर वीतभर लांब झाली. त्यांनी ती मोजली. (मोजणारच.) पाण्याचं म्हणशील तर शिरांच्या दुसऱ्या तपासणीला मी सकाळपासून अकरा ग्लास पाणी पिऊन गेलो. शिरा फुगल्या असतीलही, पण त्या कुणाला बघायला मिळाल्या नाहीत. माझं नाव पुकारलं तेव्हा मी जिथे होतो तिथून उत्तर देता येत नाही. तीनदा पुकारलं, आणि सुईवाल्या बाई थेट बसच्या थांब्यावर मला शोधायला गेल्या.

(इथे थोडं थांबलो होतो. नाक खाजवायचं होतं. त्याचं.)

गरम ठेवायचं काम मात्र मला जमण्यासारखं होतं. तीस वर्षं वाफेत उभा आहे मी. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा वाफेच्या इस्त्रीखाली टॉवेल गरम केले, दोन्ही हातांना गुंडाळले आणि इस्त्रीच्या टेबलावर कोपरं टेकून बसलो. पाच मिनिटांनी टॉवेल काढले आणि बघतो तर काय, शिरा! निळ्या, टपोऱ्या, एकदम आज्ञाधारक. मी हिला हाका मारून बोलावलं. (मला वाटलं भाजलं.) असला योग पुन्हा यायचा नाही असं वाटून मी कपड्यांवर खुणा करायची आपली शाई घेतली, जी कितीही धुतली तरी जात नाही ती, आणि दोन्ही कोपरांच्या खोबणीत, शिरेच्या बरोबर वर खूण करून टाकली. आता पळून दाखवा म्हटलं.

दुसऱ्या दिवशी छाती पुढे काढून गेलो. बाईंनी हात सरळ करायला सांगितला, खुणेवर बोट ठेवलं, दाबलं, आणि म्हणाल्या, इथे तर दोरीसारखा स्नायूबंध आहे, शीर दीड बोट पलीकडे आहे. दुसऱ्या हाताचंही तेच. ताई, मी हात वाकवलेला असताना खूण केली होती. हात सरळ केला की कातडी सरकते. चुरगळलेल्या कपड्यावर खूण करायची नाही, आधी तो पसरून घ्यायचा, हे मी दुकानात येणाऱ्या प्रत्येक कामगाराला पहिल्या दिवशी बजावतो. आणि स्वतःच्या हातावर काय केलं, तर तेच. बाई इतक्या हसल्या की पट्टा सुटला. पण हसता हसता त्यांना पलीकडची शीर बोटाला लागली. ‘दीड बोट सोडून बघायचं’ असं त्यांनी माझ्या कागदांवर लिहून ठेवलंय. म्हणजे चूक वाया गेली नाही. दोन्ही हात चालतील, मानेचं नाव नको, असं डॉक्टरही म्हणाले.

मग बाईंनी विचारलं, हा आकडा कसला. मी खाली पाहिलं. फुली मारायची सोडून मी सवयीने आकडा घातला होता. दोन्ही हातांवर ‘१’. तुला आठवतं ना? दुकान उघडलं त्या दिवशी कुणी फिरकेना, तेव्हा तू घरातले धुतलेले कपडे पुन्हा गाठोड्यात बांधून आणलेस आणि गंभीर चेहऱ्याने काउंटरवर ठेवलेस. पहिलं गिऱ्हाईक तू. तुझ्या कपड्यांवरची खूण तेव्हापासून ‘१’. मी बाईंना म्हटलं, ही माझ्या ताईची खूण आहे.

आणि ती लस. विषय काढणार नव्हतो, पण तू डॉक्टरांपाशी तो काढलास असं कळलं. शाळेत लस टोचायला आले होते, मी पाण्याच्या टाकीमागे लपलो, आणि तू माझा शर्ट आणि टोपी घालून माझ्या रांगेत उभी राहिलीस. स्वतःची घेतली होतीसच, वर माझीही घेतलीस. घरी येऊन म्हणालीस, अजिबात दुखलं नाही. दोन दिवस तापात होतीस आणि दोन्ही हात पांघरुणाबाहेर ठेवून उताणी झोपत होतीस. मी दारातून बघायचो. कुणाला सांगितलं नाही. तेव्हापासून सुई दिसली की मला ती टाकी आठवते, आणि माझी जागा टाकीमागेच आहे असं वाटतं. ताई, तू गेलीस तर मी कुणाच्या मागे लपू? हे हसण्यावारी नेऊ नकोस. (हे सांगताना त्याने डोळे मिटले होते. तसे ते सकाळपासूनच मिटलेले आहेत.)

असो. सुयांचा दिवस गुरुवार ठरलाय. मी जाणार आहे असं म्हणतो; तू विश्वास ठेवशील असं म्हणत नाही. जेवत जा, डॉक्टरांशी वाद घालू नकोस, शेजारच्या बाईंना आणि त्यांच्या जावयाला नमस्कार.

तुझा धाकटा,
लॉन्ड्रीवाला

ता. क. एक मागणं राहिलं. औषधाच्या संमतीचा जो कागद तू उशीखाली ठेवलायस (तुमच्या नर्सने फोनवर सांगितलं), त्यावर सही कर.

ता. क. २. आता हे सगळंच माझं, ताई. आज गुरुवारच आहे. आम्ही इथल्या दवाखान्यात आहोत आणि हे पत्र मी त्याच्या पलंगाशेजारी स्टुलावर बसून लिहिलंय. त्याच्या दोन्ही हातांत सुया आहेत, दीड बोट सोडून. अर्ध्यातून पळालो तर ताईला कळायला नको, म्हणून आधी सांगू नकोस, असं त्याने मला बजावलं होतं. गेले पाच दिवस पेशी वाढवायची सुई रोज सकाळी मी त्याच्या पोटात देत होते; तो गिऱ्हाइकांचे नंबर एकापासून म्हणत राहायचा, एकोणीसच्या पुढे कधी गेला नाही. आज सुया घालताना मात्र एकच नंबर म्हणत होता. आत्ताच यंत्राची शिटी वाजली. डॉक्टर म्हणाले पुरेशा मिळाल्या, आता गोठवून ठेवू, तुम्हाला लागतील तेव्हा तयार. पिशवीवर तुमचं नाव छापलेलं होतं, तरी त्याने बाईंना तीनदा वाचून दाखवायला लावलं, आणि वर कोपऱ्यात पेनाने ‘१’ लिहून घेतला. तीस वर्षांत कुणाचे कपडे कुणाला गेले नाहीत, म्हणाला, आज तर नकोच.

ता. क. ३. हात मोकळे झाले. पट्ट्या बांधल्यात म्हणून अक्षर असं आहे, आणि एरवीही असंच असतं. ताई, मी पळालो नाही. आणि एक सांगू? दुखतं. दोन्ही हातांना दुखतं. तू तेव्हा खोटं बोलली होतीस. आता सही कर.