फ्रिजपुढच्या चपला

४ मे, सोम.
फ्रिजनं परत झटका दिला. गोष्टीचं पहिलं वाक्य डोक्यात घोळत होतं, त्यात अनवाणी, त्यात हात ओला. कोपरापर्यंत झिणझिण्या. वाक्य गेलं.
आई कुकरपाशीच, न वळता: "चपला काय शोभेला ठिवल्यात व्हय रं?"
फ्रिजपुढं निळ्या रबरी चपलांचा जोड. कायमचा. आधी चपला, मग दार. पाहुण्यांनाही तेच. तीन उन्हाळे झाले. पावसाळ्यात कमी होतं, मग आम्ही विसरतो.
आप्पांचं म्हणणं, "मुंगी चावल्यागत तर हाय." आप्पा पस्तीस वर्षं वायरमन होते. या घराचं वायरिंग त्यांच्याच हातचं. त्यामुळं विषय बंद.

६ मे, बुध.
इचलकरंजीहून ताईचा फोन. शनिवारी येतीय, पोरीला, सईला घेऊन. सई दहा महिन्यांची. "रांगत नुसती पळतीया. दिसंल ते धरून उभं राहायला बघतीया."
फोन ठेवला. सगळे फ्रिजकडं.
मग आई: "बारक्या चपला आणूया की तिला. रबरी."
मस्करी नव्हती. आप्पांनी मानसुद्धा हलवली. रांगणाऱ्या पोरीला चपला. गुडघ्यांना काय घालणार? तळहातांना? मी हसलो.

७ मे, गुरु.
शाहूपुरीत इलेक्ट्रिकच्या दुकानात गेलतो. चपलांचं सांगितलं. दुकानदार माझ्याकडं बघतच राहिला. "पावणं, शिकल्यालं दिसताय की." मग म्हणाला, "अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालता का उन्हाळ्यात? माती सुकली की गळका करंट जमिनीत जात न्हाय, माणसातनं जातोय."
असा खड्डा आपल्याकडं आहे हेच मला माहीत नव्हतं.
घरी आईला विचारलं.
"घालायचे की तुझे आप्पा. दर रविवारी बादलीभर."
"कुठं हाय खड्डा?"
"तुझ्या गाडीखाली."
तीन वर्षांपूर्वी अंगणात पेव्हिंग ब्लॉक मीच घालून घेतले. गाडीचा स्टँड मातीत रुतायचा म्हणून. तेव्हा आप्पा म्हणालेले, "हितलं तेवढं राहू दे." मी म्हणालो, "मधेच भोक कसं दिसंल?"
एवढंच बोलणं झालेलं. आठवतंय. शब्द न् शब्द.

८ मे, शुक्र.
विचारलंच. "तेव्हा नीट का नाही सांगितलंत?"
"तू शिकल्याला. म्हटलं, इचार करून बोलत असशील."
मग: "आणि चपला कुणी आणल्या? मीच की."
म्हणजे त्यांना माहीत होतं. मला सांगण्यापेक्षा चपला आणणं सोपं गेलं. मी इतका
(नको.)
फ्रिजचा प्लग काढला. पहार घेतली. सहा ब्लॉक उचकटले. खाली माती कोरडी, भाजल्यासारखी. खड्ड्यातल्या पाइपला बांधलेली अर्थिंगची तार आप्पांनी चिमटीत धरली, तशी पापडागत मोडली. ते त्या तुकड्याकडं बघत बसले.

९ मे, शनि.
ताई, सई आल्या. फ्रिज बंदच. दूध नासलं, आईचा पारा चढला. "आता दूध काय डोक्यावर घिऊन बसू?"
ताई: "सई हाय तवर बंद, ती गेली की चालू, असंच न्हवं? आणि आई, तुला शॉक बसत न्हाय व्हय?"
आई म्हणाली, "मला सवय हाय."
सई दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या कडेवर. पोरगी वैतागली. आम्हीही.

११ मे, सोम.
काल-आज नुसता खड्डा. नवा पाइप, नवी तार, मीठ, कोळसा, पाणी. आप्पांनी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. नट दोनदा हातातून निसटला. मी दुसरीकडं बघितलं. करंट गळला की आपोआप पडणारा स्विचही बसवा, असं दुकानदार म्हणालेला. आप्पा: "सारखं पडतंय ते. डोक्याला ताप."
संध्याकाळी फ्रिज चालू केला. आप्पांनी अनवाणी उभं राहून दाराला हाताची उलटी बाजू लावली.
"न्हाय."
"नक्की?"
"न्हाय म्हटलं की!"
मग मी लावला. काही नाही. की होतं? बारीक? परत लावला. हात मुंग्यांची वाटच बघत होता, त्यामुळं खऱ्या कुठल्या न् खोट्या कुठल्या, कळेना. चार वेळा लावला. आप्पा बघत होते. थांबायला पाहिजे होतं मी.

१२ मे, मंगळ.
सकाळी दहा. ताई कपडे वाळत घालत होती, मी वहीत. सई कधी सुटली कळलं नाही. बघतो तर फ्रिजचं दार धरून उभी. पहिल्यांदाच उभी. लाळेनं हात ओले, पाय उघडे. डुलत होती, हसत होती.
मी जागचा हललो नाही. लिहून ठेवतोय. हललो नाही.
आप्पांचा गुडघा धरलाय, ते पळत नाहीत. पळाले. पोरीकडं नाही, मीटरकडं. मेन स्विच खाली. पंखा थांबला.
सईला काही झालं नव्हतं. धपकन बसली, परत उठली.
आई: "अवं, सगळं नीट केलंय न्हवं?"
"केलंय."
"मग चालू करा की."
आप्पांचा हात मेनवरच. घामाघूम. माझ्याकडं न बघता म्हणाले, "दुसऱ्या कुणाला तरी बोलीव. माझ्या हाताला आता कळत न्हाय."

फोन केला. राजारामपुरीतला एक वायरमन येतो म्हणाला. कधी, ते नाही सांगितलं.

दु. दोन. मेन खालीच. घरात उकडून काढतंय. सई फ्रिज धरून कडेकडेनं पाऊल टाकायला बघतीय. कुणी अडवत नाही. आत्ता तरी.