बाळासोंच्या भिंतीवरची लाल रेघ

मु. पो. : शेवटी कळवतो

तीर्थरूप अमरसिंहमामांना भाचा ऋतुराजचा दंडवत.

तुमचा गुडघा काय म्हणतो? गगनबावड्याच्या पावसात त्याच्याशी भांडू नका, मामीचं ऐका. मी मजेत आहे (इतका, की सांगताना लाज वाटते). शिवाजी पेठेत आईला मात्र यातलं एक अक्षर कळवू नका.

कुठला रस्ता, कुठला पूल पुरात किती बुडतो हे तपासायची नोकरी मला लागली, हे तुम्हाला ठाऊकच आहे. काम सोपं. शिरोळ भागात गावोगाव जायचं, मोठ्या पुरात पाणी कुठवर आलेलं ते विचारायचं आणि भिंतीवर लाल रेघ मारायची. जो रस्ता जास्त बुडतो, तो उंच करायच्या यादीत. पण मामा, आपल्या माणसांची ईर्षा! पहिल्याच गावात एकानं उंबऱ्याच्या वर हातभर पाणी दाखवलं, तर शेजारचा कृष्णात म्हणाला, आमच्यात काय याच्यापेक्षा कमी हुतं व्हय? शिडी आणली, माझा ब्रश घेतला आणि स्वतःच माडीला रेघ मारली. मग गल्लीभर शिड्या निघाल्या. संध्याकाळपर्यंत पूर देवळाच्या कळसाला पोचला. त्या मापानं घाटमाथ्यावरच्या तुमच्या गगनबावड्यातही होड्या फिरायला हव्या होत्या. (मामीनं दारात नाव बांधली होती का, खरं सांगा.)

पुढच्या गावात सगळं उलटंच. बाळासो नावाचे गृहस्थ म्हणाले, आमच्या रस्त्याला पाणी शिवतसुद्धा न्हाय. भिंतीचे पोपडे तर छातीपर्यंत उडालेले! चहा झाला, भडंग झालं, तरी पाणी काही चढेना. शेवटी कळलं, लेक अनुजा लग्नाची आणि बुडणाऱ्या गावात सोयरीक करायला पावणं तयार होत नाहीत. मला वाईट वाटलं (अनुजा तेवढ्यात कप न्यायला आलेली, तेही कारण असेल). मी घोट्याएवढी रेघ मारली आणि उठलो. तर तिनं भिंतीवरचं कॅलेंडर उचललं. मागं माझ्या डोक्याच्या वर पेन्सिलीची खूण, तारखेसकट.

"खरं लिवा," ती म्हणाली. "आमच्या थोरल्या आक्काला कळा सुटल्या तवा रस्ता पाण्यात हुता. तराफ्यावर बाळंत झाली ती. रस्ता उंच होऊ दे, माझं लग्न ऱ्हाऊ दे की."

मामा, मी तिथंच पाघळलो. घोट्याची रेघ पुसली, पेन्सिलीवर लाल मारली आणि यादीत तो रस्ता पहिल्या नंबरला घातला. बाळासो दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "पोरीच्या लग्नात खोडा घातलासा. आता स्थळ तुमीच बघायचं."

बाकी क्षेम. मामीच्या पाया पडतो, तुमच्या म्हशीला एक थाप.

तुमचा,
ऋतुराज

ता.क. स्थळ बघितलंय. नोकरी आहे, घर पेठेत आहे, स्वभाव तुम्ही जाणताच. फक्त त्या स्थळाला स्वतःच्या तोंडानं मागणी घालायची छाती होत नाही, म्हणून मामा लागतो.

ता.क. पुन्हा. येताना बोटीनंच या. त्या दिवशी मी ब्रश धुवेपर्यंत रस्ता बुडाला. आज चौथा दिवस, मी बाळासोंच्या घरी, पुढच्या सोप्यात मुक्कामाला आहे. घर कोरडं आहे, काळजी नसावी. पत्र दुधाच्या कॅनबरोबर बोटीतून पाठवतोय. पण पाणी उतरायच्या आत पोचा. रस्ता मोकळा झाला, की मला इथं राहायला कारण उरत नाही.