वरून तेल ओतलं की

चियायी
३ नोव्हेंबर १९९७

सू-ल्वान,

आईचा आशीर्वाद. तू बरी असशील, पोरं बरी असतील. मी ठीक. गुडघे माझं ऐकत नाहीत, पण तुझे बाबा तरी कुठे ऐकायचे?

हे पत्र पोस्टातून निवृत्त झालेले काओ भाऊजी लिहीत आहेत. एका पत्राला एक वाडगा भात आणि वर अर्धंकच्चं अंडं, असं ठरलंय. पत्र लांबलं तर दुसरं अंडं मिळेल म्हणून सारखे "आणखी काय?" विचारतात. हे लिहू नका म्हटलं, तरी लिहिलंच.

इथे सगळं तसंच. दुकानापुढे सकाळी सहाला रांग लागते. शाळेची पोरं, भाजीवाल्या, देवळातून परतणारे, सगळ्यांना टर्कीभातच हवा, भातावर टर्कीच्या मांसाचे धागे आणि वरून चमचाभर तेल. भाऊजी सांगतात, अमेरिकेत म्हणे वर्षातून एकदा अख्खा टर्की भाजतात आणि देवाचे आभार मानतात. आपण रोज खातो आणि मीठ कमी म्हणून कुरकुरतो.

तुझ्या दादाने दुकानाला नवा रंग दिला. वहिनीची कंबर धरलीय. मांस अजून मीच हाताने सोडवते, सुरी लावू देत नाही. तुझ्याइतका बारीक धागा मात्र कुणालाच काढता येत नाही. हे तुला कधी म्हटलं नव्हतं. भाऊजी, पुढे चला.

देवळामागचं तुझं दुकान आठ महिन्यांत बंद पडलं. जागा वाईट होती, असं मी सगळ्यांना सांगत आले.

गेल्या महिन्यात टर्की महागले. मी तीन दिवस तापाने पडून होते. चौथ्या दिवशी पातेल्यात हात घातला आणि बोटांना कळलं. धागा आखूड, ओलसर. तुझ्या दादाने निम्मं कोंबडीचं मांस मिसळलं होतं. मी त्याला काही बोलायच्या आत समोरच्या टेबलावरून शिंपीणबाईंनी विचारलं, "आजी, आज चव वेगळी लागतेय. टर्कीच आहे ना?"

सू-ल्वान, याच बाईने बारा वर्षांपूर्वी हाच प्रश्न विचारला होता, तुझ्या दुकानाबद्दल. मी हातातलं काम न थांबवता म्हटलं होतं, "वरून तेल ओतलं की कुणाला काय कळतंय."

एवढंच. आपण खोटं बोललो नाही, अशी मी स्वतःची समजूत घालत राहिले. पण एखादी टर्कीत कोंबडी घालते असं एकदा पसरलं, की या गावात तिचं काय उरतं, हे मला माहीत होतं. आणि तुझे टर्की माझ्या टर्कींच्याच ट्रकमधून यायचे. आधी माझ्या दारात, मग तुझ्या. पिंजऱ्यात ओरडत तुझ्याकडे निघाले की मी रोज ऐकायचे. मला अक्षर कळत नाही, टर्की कळतो.

माझी जुनी गिऱ्हाइकं तुझ्याकडे वळायला लागली होती. तुझ्या दादाच्या संसारासाठी केलं, असं मनाला सांगायचे. ते खरं नाही. तुझा भात माझ्यापेक्षा चांगला होता.

भाऊजी थांबलेत. लिहा म्हटलं, अंडं गार होतंय.

तर त्या दिवशी मी शिंपीणबाईंना सांगितलं, "यात कोंबडी आहे. माझ्या मुलीच्या भातात होता तो टर्की होता. निव्वळ टर्की."

दुकानात अकरा माणसं होती, सगळ्यांनी ऐकलं. काही जण वाडगा तसाच ठेवून उठले. तुझा दादा माझ्याशी बोलत नाही. बोलेल, त्याला मांस सोडवता येत नाही. पण अकरा जणांनी ऐकून आता काय होणार? तेव्हा ज्यांनी ऐकलं, त्यांतले निम्मे मेले.

ये म्हणायला मला तोंड नाही. ह्वालिएनला स्टेशनजवळ तू शेवया विकतेस, असं कळलं. टर्कीला हात लावत नाहीस, हेही कळलं. एकदाच लाव. नवं वर्ष लागायच्या आत ये, सकाळी सहाला, रांग असताना. मी चूल सोडून बाहेरच्या टेबलावर बसेन. तू वाढ, मी सगळ्यांसमोर खाईन.

खालचा अंगठा माझाच. हात दोनदा धुतला, तरी कागदाला तेल लागलंच.

तुझी आई,
जिला तेव्हा विचारलं होतं