इथून पुढं मनात वाच

आरोग्य उपकेंद्र, सांगवी
ता. अहमदपूर, जि. लातूर
४ मे १९८६

प्रिय सिंधुवहिनी,

सप्रेम जयभीम. आबांना आणि दादाला नमस्कार सांग. मी बरी आहे, तुम्हीही सगळे बरे असाल असं धरून चालते. आणि बाई, पत्त्यावर आता उस्मानाबाद लिहू नकोस. लातूर वेगळा जिल्हा होऊन चार वर्षं होत आली. तुझं मागचं पत्र तिकडचा पाहुणचार घेऊन मग इकडं आलं.

तरी तुझं अक्षर बघून बरं वाटलं. मागच्या उन्हाळ्यात 'सिंधु' लिहिताना पाटी फोडायला निघालेली बाई आता पानभर लिहिते, म्हणजे मास्तरीण काही वाईट नव्हती.

इकडं टँकर आला तर प्यायला पाणी. त्या पाण्यानं लेकरांना जुलाब लागलेत, म्हणून औषधाच्या पुड्या घेऊन मी वाड्या-वस्त्या फिरते आहे. जिल्हा नवा, साहेब नवे, त्यामुळं सगळ्यांनाच आपलं काम उस्मानाबादपेक्षा जास्त दिसायला हवंय. ते सगळं काम माझ्या सायकलवरून जातं.

नांदेडला आप्पासाहेबमामांच्या घरी मला बघायचा कार्यक्रम झाला, तो आबांनी सांगितला असेलच. काय सांगितलं? माझ्याशी तर स्टँडवर एक शब्द बोलले नाहीत. मामांचं कार्ड आलंय की मुलगी शिष्ट आहे, पाहुण्यांसमोर बसायलासुद्धा तयार नाही, असं मुलाकडचे म्हणतात. आबांना एवढंच सांग की मी शिष्ट नाही.

इथपर्यंत सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखव. इथून पुढं मनात वाच.

वहिनी, मी बसले नाही, कारण मला बसताच येत नव्हतं.

तुला कसं लिहू? मांड्यांच्या आत, सीटला घासतं तिथं, दोन्ही बाजूंनी सोलून निघालंय. दवाखान्याची सायकल जुनी, तिची कातडी सीट तडकलेली. त्यात इथलं बोअरचं पाणी असं खारट की परकर वाळला की पापडासारखा कडक होतो. घामानं तो भिजतो, शिवण रुतते आणि घासत राहते. रोज अंघोळ करावी तर पाणी कुठलं? मी शहाणीनं वरून पावडर मारली. ती घामात कालवून तिचा चिखल झाला, मग आणखीच लागलं. दिवसभर दुसऱ्यांच्या जखमा बघते आणि स्वतःची कुणाला दाखवायची म्हटलं तर घाम फुटतो. डॉक्टर पुरुष आहेत. रजा मागायची तर कारण काय लिहू?

तर नांदेडात मी खुर्चीच्या काठाला जरा टेकले आणि डोळ्यांपुढं काजवे चमकले. उठले, चहा दिला, आणि भिंतीला धरून उभीच राहिले. मुलाची आई, पार्वतीबाई, म्हणाल्या, "बस की गं." मी म्हटलं, "राहू द्या." परत म्हणाल्या, परत मी तेच. मग त्यांनी मामींना विचारलं, "पोरीच्या पायात काही खोट हाय का?" आणि मला म्हणाल्या, "जरा चालून दाखव."

मी चाललेही, वहिनी! दारापर्यंत गेले आणि आले. कशी चालले असेन ते तूच समज. आबा समोर बसलेले. त्यांनी मान खाली घातली ती वर काढलीच नाही. मुलगा साहेबराव, लातूरला कलेक्टर ऑफिसात कारकून आहे. त्यानं एकच विचारलं, "सायकलवर लांब जाता म्हणे? एकट्याच?" मी हो म्हटलं तर हसला. ते हसणं चांगलं होतं की कुचकं, मला अजून कळलेलं नाही.

मामांच्या कार्डात खाली आणखी एक ओळ आहे. सायकलची नोकरी सोडून लातूरला राहणार असेल, तर पाहुणे झालं ते विसरायला तयार आहेत. हे वाचून मला आधी राग आला, मग हायसं वाटलं, मग रडू आलं. यातलं खरं कुठलं, तू सांग. रोज सायकलवर बसताना डोळ्यांत पाणी येतं तेव्हा वाटतं, सोडावी ही नोकरी. वाडीवरच्या बाया वाट बघत उभ्या दिसल्या की वाटतं, कुणी मागितली तरी देणार नाही. माणूस एकाच दिवसात इतका उलटसुलट असतो का?

आबा माझ्यावर रागावलेत का, तेवढं बघून कळव. हे पत्रही उभ्यानं लिहिते आहे, लसीच्या पेटीवर कागद ठेवून.

तुझी
पंचशीला


सांगवी
२५ मे १९८६

प्रिय वहिनी,

जयभीम. तुझं पत्र आणि पिशवी, दोन्ही मिळालं. कंडक्टरनं पिशवी हातात देताना विचारलं, "लोणचं हाय का?" मी हो म्हटलं.

कपाळावर हात मारून घेतला मी! 'मनात वाच' असं मी कुणाला लिहिलं? तुला! एकेक अक्षर लावून, ओठ हलवून, मोठ्यानंच वाचायला जिला मीच शिकवलं, तिला! मनात कसं वाचायचं ते शिकवायचं राहूनच गेलं. तू लिहितेस, 'मी चुलीपाशी बसून हळूच वाचलं.' तुझं हळू मला ठाऊक आहे. ओसरीवर आबा होते ना? मांड्यांपासून परकरापर्यंत सगळं ऐकलं त्यांनी. तुझं पत्र वाचताना मी तोंडावर पदर घेतला, खोलीत एकटी असूनसुद्धा.

पण आबांचं बोलणं तू जसंच्या तसं उतरवलंस, त्याबद्दल तुझी आभारी आहे. 'जू ठिवायच्या आदी तेल लावावं लागतंय. खांदा सोलल्यावर हळद थापून काय उपेग?' हे वाचून हसले. कारण हेच मी बायांना सांगत फिरते, लेकराच्या जांघेत आधीच तेल लावत जा, चट्टे पडायची वाट बघू नका. स्वतःच्या वेळी मात्र पावडर मारत बसले.

पुढचं मात्र पुन्हा पुन्हा वाचलं. 'पोरगी नांदेडात चालली तवाच वळकलं म्या, काय लागलंय ते. पन बापानं कसं ईचारावं? बाजारात बैल चालवून बघतेत तसं माझ्या लेकीला चालवलं, आन् म्या गप बसलो.'

म्हणजे आबा माझ्यावर रागावले नव्हते. मी सगळा महिना उगीच कुढले.

पिशवीतलं करडईचं तेल रोज निघायच्या आधी लावते. तुम्ही त्यात हळद कालवली होती, तिनं माझा पांढरा युनिफॉर्म पिवळा केला, त्यामुळं हळदीला रजा दिली. परकर उलटा घालते, शिवण बाहेर. तो शेवटी थोड्या टँकरच्या पाण्यातून काढते, म्हणजे कडक होत नाही. आणि ती गादी! बैलाचा खांदा सोलू नये म्हणून जुवाला बांधतात तशी, पण आईच्या जुन्या लुगड्याची. टाके आबांचेच, कुणीही ओळखेल, इतके वाकडे. पहिल्या दिवशी ती सीटवर बांधताना हात थांबला. आई असती तर तिला मी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं.

एक मात्र मला कळेना. ही गादी आबांनी कशासाठी पाठवली? पोरीनं सायकल चालवत राहावं म्हणून, की लवकर बरी होऊन पुढच्या बघण्याला नीट बसावी म्हणून? तू लिहितेस, विचारलं तर ते म्हणाले, 'काय करायचं ते तिला सांगू दे.' असं कुठं असतं का? सगळ्या आयुष्यात आबांनी मला हे कधी विचारलं नाही, आणि विचारलं ते नेमकं मला काहीच सुचत नसताना.

काल डोंगरापलीकडच्या वाडीवर गेले. येताजाता कुठं लागलं नाही. एका घरात बाईनं पोतं अंथरलं आणि मी मांडी घालून बसले. किती दिवसांनी! ती बाई बोलत होती आणि मला नुसतं बसल्याचाच आनंद. तिथंच मनात आलं की सायकल मला नकोशी झालीच नव्हती. नको होतं ते दुखणं. मी दोन्हींचा गुंता करून ठेवला होता.

साहेबरावाचं मात्र अजून सांगता येत नाही. तो वाईट नसेलही. तेव्हा का हसला, ते त्यालाच विचारावं लागेल.

तर मामांना कळवा, पाहुण्यांना यायचं असेल तर खुशाल यावं. नोकरी राहील, सायकल राहील. त्यांनी बसावं, मीही बसेन. काय विचारायचं ते बसून विचारावं. मी आता कुणाला चालून दाखवणार नाही.

हे पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाच. आबा ओसरीवर आहेत ना ते आधी बघ, मगच सुरू कर.

बसून लिहिणारी,
तुझी
पंचशीला